तळवा आभाळाकडे

दिवाळीला पुण्याहून भाचा आला. बॅगेत तीन प्लॅस्टिकच्या थाळ्या: पिवळी, निळी, भगवी. "मामा, हे डिस्क गोल्फ. गोल्फच, पण चेंडूच्या जागी ही, आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायची." उमरेडात साखळ्यांची टोपली कुठून आणायची? आमच्या सातऱ्याच्या कुंपणाशी एक कडुनिंब आहे, त्याचं खोड ठरवलं. भाचा म्हणाला, चालेल, अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत पहिलं कायमचं मैदान आखलं, तिथेही आधी नुसते खांबच होते. टोपली मागून आली.

सातरा म्हणजे मिरची वाळवायची, देठ खुडायची मोकळी जागा. मी तिथे हिशेब लिहितो. जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीत मात्र धुमसानं ठोकून सपाट केलेली नव्वद पावलांची जमीन रिकामी पडलेली असते. मालकाला विचारलं. तो माझ्याकडे आणि थाळीकडे आळीपाळीनं बघत राहिला, मग म्हणाला, "पत्र्यावर नका मारू म्हणजे झालं."

*

फेकी मुख्य दोन. बॅकहँड म्हणजे हात छातीवरून आडवा ओढून, पेट्रोलवरच्या फवारणी पंपाची दोरी ओढतो तसा. तो दोन दिवसांत जमला. फोरहँड म्हणजे उजव्या हातानं उजव्याच अंगानं, दोन बोटं कडेच्या आतून, अंगठा वरून. तो भाचा जाईपर्यंत जमला नाही.

नाही जमला तर नाही, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण उजव्या हाताची बॅकहँड शेवटी डावीकडे उतरते आणि फोरहँड उजवीकडे. मी उभा राहतो तिथून कडुनिंब पत्र्याच्या शेडमागे येतो. शेडच्या उजव्या अंगाला तारेचं कुंपण, डावं अंग मोकळं. म्हणजे डावीकडून वळसा घालून शेवटी उजवीकडे वळणारी फेकच पाहिजे. झाडानं माझा अभ्यासक्रम ठरवून टाकला.

*

चांगली सुटलेली डिस्क फारसा आवाज करत नाही. बारीक सू, बस. माझी फडफडत जाते, तलावातून बदक उठल्यासारखी. दहा-बारा पावलं गेली की डावी कड खाली घालते आणि जमिनीत तोंड खुपसते.

मोबाइल विटेला टेकवून स्वतःचं चित्रण केलं. दोष लगेच दिसला. डिस्क सुटते त्याच क्षणी माझं मनगट पालथं पडतं. डिस्कला पुढे जायचं असतं, स्वतःभोवती फिरायचं असतं, आणि मी वरून तिला कूसही बदलायला लावतो. मग ती डगमगणार नाही तर काय करणार? हात शेवटपर्यंत उताणा राहिला पाहिजे, तळवा आभाळाकडे. सुटल्यानंतरसुद्धा. हे मी वहीत लिहिलं, मोठ्यानं म्हटलं, आणि पुढच्या वीस फेकींत वीस वेळा हात पालथा टाकला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे मनगटावर.

*

दोष जुना आहे. आठवी ते दहावी मी तालुक्याच्या स्पर्धेत थाळीफेक करायचो. त्या थाळीत हात पालथाच असतो. थाळी तळव्याखाली, शेवटी तर्जनीवरून सुटते, आणि वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते. फोरहँडमध्ये हात त्याच बाजूनं येतो, पण उताणा येतो. डिस्क मधल्या बोटावरून सुटते आणि काट्यांच्या उलट फिरते. हात तोच, बाजू तीच, फिरकी उलटी! पस्तीस वर्षं झाली, पण खांद्याला अजून पी.टी.च्या सरांची शिट्टी ऐकू येते आणि हात आपोआप पालथा होतो. नवीन शिकण्यापेक्षा शिकलेलं विसरणं अवघड जात आहे.

*

भगवी दुकानातल्या काट्यावर ठेवली. १७४ ग्रॅम. पट्टीनं मोजली तर २१ सेंटिमीटर. नियमानं व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमच्या वर वजन चालत नाही. गुणाकार केला, १७४.३. बनवणाऱ्यानं अगदी काठापर्यंत भरली आहे. हिशेबनिसाला असल्या गोष्टीत उगाच आनंद होतो.

पुरुषांची स्पर्धेची थाळी २२ सेंटिमीटरची, पण २ किलोची. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे डिस्कचं रूप थाळीचं आणि वजन चेंडूचं, आणि मी तिला दोन किलोची समजून खांद्यानं ढकलत होतो. युर्गन शुल्टनं १९८६ मध्ये थाळी ७४.०८ मीटर फेकली, तो विक्रम २०२४ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. डिस्क २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स धाकट्यानं नेवाडाच्या वाळवंटात पाठीमागचा वारा घेऊन ३३८ मीटर फेकली. तो बॅकहँड होता, हेही लिहून ठेवतो, नाहीतर उगाच फोरहँडच्या खात्यावर जमा व्हायचं.

*

"काका, काय करून राहिले?"

"फेकून राहिलो."

"कोनाले?"

याला उत्तर नाही.

*

धरायची कशी. सुरुवातीला तर्जनी डिस्कच्या पोटाखाली पसरून आणि मधलं बोट कडेला टेकवून. डिस्क हातात स्थिर बसते, पण जोर जातो. आता दोन्ही बोटं जोडून, मधल्या बोटाचं शेवटचं पेर कडेच्या आतल्या भिंतीला दाबून, अनामिका बाहेरून आधाराला. आवळायची नाही. शेवटी आवळली जाते ती पुरे.

तीस वर्षं लेखणी धरून मधल्या बोटाला अंगठ्याकडच्या बाजूनं घट्टा पडला आहे. आता त्याच बोटाला पलीकडच्या बाजूनंही पडतो आहे. घरी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "मधे जागा आहे अजून."

*

शेळ्या घेऊन एक पोरगा येतो. जुन्या छोट्या लाइनीच्या बाजूनं. नॅरोगेज २०१९ ला बंद झाली, आता त्या अंगाला शेळ्यांना चांगलं गवत मिळतं म्हणतो. बारा-तेरा वर्षांचा असेल. आठवडाभर कुंपणावर हनुवटी ठेवून बघत होता. आज म्हणाला, "द्या बरं एक."

निळी दिली. कशी धरायची ते सांगायला तोंड उघडलं, तोवर डिस्क गेली होती. सरळ, सपाट, डोक्याइतक्या उंचीवरून, आवाज न करता. शेडच्या डाव्या कोपऱ्यावरून पुढे गेली आणि शेवटी उजवीकडे कलून कडुनिंबाच्या बुंध्यापासून चार हातांवर बसली.

"कसं केलं बे?"

"गोटा मारतो तसंच तं."

शेळी भलतीकडे वळली की तिच्या पुढ्यात आडवा गोटा मारून तिला परतवायचं, हे तो रोज दहा-वीसदा करतो. त्याला पुन्हा फेकायला लावलं. पुन्हा. मी हिशेबाच्या रकान्याकडे बघावं तसा त्याच्या हाताकडे बघत होतो. कोपर कमरेला घासून आधी पुढे येतं. पंजा तेव्हा मागेच असतो, मनगट मागे दुमडलेलं, जणू त्याला अजून बोलावणं आलेलं नाही. कोपर कमरेच्या पुढे जाऊन थबकतं, तेव्हा कुठे पंजा सटकन येतो. आणि हात उताणा. गोटा फेकताना कोणी तळवा पालथा करत नाही. तसा केला तर गोटा आपल्याच पायावर येईल.

मी हात सरळ ताणून, दारं उघडल्यासारखा फिरवत होतो. कोपर माझ्यापासून वीतभर लांब होतं.

*

लहानपणी मकरधोकड्याच्या तलावावर चपटा दगड आडवा फेकून पाण्यावर टप्पे पाडायचो. सात-आठ पडायचे. तो दगडही काट्यांच्या उलट फिरतो, तर्जनीच्या आकड्यातून सुटतो, कोपर अंगाशी असतं. म्हणजे फोरहँड मला येत होता! थाळीफेक शिकण्याच्या आधी येत होता.

*

गोटा फेकणारा पोरगा आणि केदार जाधव. पुण्याचा हा गडी गोलंदाजी करताना हात इतका खाली आणायचा की पंचाच्या पोटाजवळून चेंडू निघायचा, आणि मोठमोठे फलंदाज फसायचे. तो बघून आम्ही हसायचो, ही काय बोलिंग आहे म्हणून. आता त्याच कोनात हात आणायला जीव काढतो आहे.

*

मनगटाचा झटका. भाच्याला फोनवर विचारलं, किती जोरानं? तो म्हणाला, जोरानं नाही, उशिरा. हे वाक्य दोन दिवस डोक्यात घोळत राहिलं.

अंगणात आई धुतलेला दुपट्टा वाळत घालत होती. वाळत घालण्याआधी ती तो एकदा झटकते, फट्ट आवाज होतो, थेंब उडतात. पंच्याहत्तरीच्या हातात जोर किती असणार? मी तिच्याकडून दुपट्टा घेऊन झटकला, तर नुसता हलला. ती म्हणाली, "हात थांबव ना शेवटी." हात थांबला की सगळा वेग दुपट्ट्याच्या टोकाला जातो. कोपर थबकलं की पंज्याला, पंजा थबकला की डिस्कला. मागून पुढे हवाली करत जायचं. मग रोज सकाळी दहा वेळा ओला पंचा झटकायचा, आवाज येईपर्यंत, आणि मग डिस्क हातात घ्यायची.

शेजारच्यांना वाटतं, घरात धुण्याचं काम माझ्याकडे आलं.

*

ती शेवटी उजवीकडे का वळते? गावातल्या कोणत्याही पोराला भोवरा माहीत आहे. फिरता भोवरा कलला तर लगेच पडत नाही, डुलत गोल फिरतो. ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला न जाता आडव्या बाजूला जातो. डिस्कचंही तसंच. वेग कमी झाला की हवा तिच्या पुढच्या भागाला जास्त उचलते. न फिरणारी डिस्क असती तर नाक वर करून मागे कोलमडली असती. फिरणाऱ्या डिस्कमध्ये तोच धक्का आडवा निघतो आणि ती कुशीवर कलते. काट्यांच्या दिशेनं फिरत असेल तर डावीकडे, उलट फिरत असेल तर उजवीकडे. सुरुवातीच्या मोठ्या वेगात उलटंही घडतं, उचल मागे सरकते आणि हलकी डिस्क थोडी विरुद्ध बाजूला वळून घेते. म्हणून लांबची फेक हवेत नागमोडी दिसते.

फिरकी कमी पडली तर यातलं काहीच नीट होत नाही. जोर वाढवण्याआधी फिरकी वाढवायची, हे कारण.

*

पिवळी हरवली. वाऱ्यानं कुंपणापलीकडे नेली, झुडपांत. तासभर शोधली. संध्याकाळ झाली तसा परत फिरलो, कारण आमच्याकडे संध्याकाळी झुडपांत वाकून काही शोधत नसतात. कऱ्हांडल्याचा जय वाघ गळ्यात रेडिओ कॉलर असताना २०१६ च्या एप्रिलनंतर कोणाला दिसला नाही. एवढा मोठा वाघ सापडत नाही, तिथे माझी पावशेराचीही नसलेली थाळी काय सापडणार.

*

नाक. डिस्कची पुढची कड वर राहिली तर ती चढते, चढते, हवेत उभी राहते आणि पायाशी येऊन पडते. पंगतीत वाढताना पातळ वरणाचं ताट समोरच्याकडे सरकवतो, तेव्हा ते किंचित पुढे झुकलेलं असतं, सांडत मात्र नाही. तेवढंच झुकवायचं. तळवा आभाळाकडे म्हणताना मी तळव्याबरोबर डिस्कचं तोंडही आभाळाकडे करत होतो.

*

कोपर दुखतं आहे. आतल्या बाजूनं, हाडाच्या उंचवट्यावर. डॉक्टरांना सांगितलं, थाळी फेकतो. त्यांनी वय विचारलं. एक्कावन्न. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

सचिनचं २००४ मध्ये दुखलं ते टेनिस एल्बो, कोपराच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाला दुखतं त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. त्यात डिस्कवाल्यांच्या नावाचा उल्लेख नाही, पण फोरहँडवाल्यांना तो चांगला ओळखतो. हात एकटाच सगळं काम करतो तेव्हा होतं. पंधरा दिवस बंद. तेवढ्यात पाय शिकायचे असं ठरवलं. डावा पाय टेकला, मग कंबर वळली, मग कोपर, मग पंजा. डिस्क न घेता, स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला कोपर लागणार नाही अशा बेतानं. पायानं सुरुवात केली की हाताला थोडंच करायला उरतं. पंधरा दिवसांनी पहिली फेक टाकली आणि ती दुखली नाही.

*

एड हेड्रिक २००२ मध्ये गेला. साखळ्यांची टोपली त्याचीच. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. आपण अस्थी नदीत सोडतो, याच्या कोणाच्या तरी हातातून उडत असतात, आणि कधी कधी छपरावरही अडकत असतील. आईला सांगितलं. तिनं कानाला हात लावला आणि लगेच विचारलं, "मग पिंडाचं काय?"

*

निळी ही लबाड आहे. तिच्यावर चार आकडे छापले आहेत: वेग, तरंग, वळण, उतार. तिचा उतार मोठा. म्हणजे हात थोडा पालथा पडला, फडफडली, तरी ती सावरून घेते आणि शेवटी उजवीकडे जातेच. माझं पाप झाकते. भगवी संथ, सरळ स्वभावाची. तिला मनगट जरा वाकडं मिळालं की भर सातऱ्यात डगमगून दाखवते. फेकावी निळी, शिकावं भगवीवर. महिनाभर उलटं करत होतो, आणि सुधारलो असं समजत होतो.

*

जानेवारी. माल आला. भिवापुरीचे लालभडक ढीग, चाळीस-पन्नास बाया ओळीनं बसून देठ खुडतात. खुडताना हात हलत नाही, फक्त बोटं आणि मनगट. दिवसभर. मी त्यांच्याकडे हल्ली वेगळ्या नजरेनं बघतो.

सकाळी साडेसहाला, बाया यायच्या आधी, कडेकडेनं दोन फेकी टाकाव्यात असं मनात आलं. पहिलीच भगवी ढिगात घुसली. काढली, शर्टाला पुसली, दुसरी फेक टाकली, चांगली गेली. त्या आनंदात कपाळाचा घाम पुसला. पुढचा अर्धा तास मी हौदाशी डोळे उघडे ठेवून वाकलो होतो. पहिली बाई आली तेव्हाही तसाच होतो. "मुनीमजी, काऊन रडून राहिले?" भाव पडले, म्हटलं.

*

आता मैदान बदललं. शाळेमागची पडीक जागा, सकाळी साडेपाचला. जुनं झाड सुटलं, पण ह्या जागेलाही एक कडुनिंब आहे. दुपारी खाणीकडून सुरुंगाचा आवाज येतो तसा इथे पहाटे वारा येतो, न चुकता. समोरून वारा असला की डिस्कला वाटतं आपण फार वेगात आहोत, आणि ती डावीकडे लोळते. पाठीमागून असला की लवकर दमून उजवीकडे उतरते. समोरच्या वाऱ्यात जोर लावायचा मोह होतो आणि तीच चूक. उजवी कड थोडी खाली ठेवायची आणि हळू सोडायची.

*

वीस फेकी मोजून टाकल्या. वहीतला रकाना: सपाट ११, फडफडल्या ६, नाक वर २, काय झालं कळलं नाही १. नोव्हेंबरच्या पानावर सपाट २ लिहिलं आहे. पुढे कंसात 'चुकून' असंही.

*

सेरा होकोम नावाची बाई २०१२ मध्ये जगज्जेती झाली, ती फोरहँडसाठी नावाजलेली. भाच्यानं तिचं चित्रण पाठवलं. दहा वेळा बघितलं. कोपर कमरेशी, पंजा मागे, मग सटकन, आणि सुटल्यावर तळवा आभाळाकडे, जणू कोणाकडून प्रसाद घ्यायला हात पुढे केला आहे. ते चित्रण शेळ्यांच्या पोराला दाखवलं. तो म्हणाला, "हे बी गोटेच मारत असन लहानपनी."

*

आजची नववी फेक. कोणी बघत नव्हतं. डिस्क हातातून गेली ते कळलंच नाही, फक्त मधल्या बोटाच्या पेराला एक चटका. सू. सरळ गेली, गेली, शेवटी उजवीकडे कलली आणि कडुनिंबात शिरली. खोडाला नाही लागली, वर गेली, फांद्यांत. खाली आलीच नाही.

भगवी आहे, खालून दिसते. शिडी शाळेत आहे, पण शाळेत काय सांगणार? सात वाजता पोरगा शेळ्या घेऊन येईल. दोन-तीन गोटे गोळा करून ठेवले आहेत.